त्राटिकेचं दुसरं तोंड

चैतीने तिसऱ्यांदा अर्ज भरायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी फारसं काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. पहिल्या वर्षी आईने, हौशीने, पोरीच्या नावाने देवीपुढे नारळ फोडला होता. दुसऱ्या वर्षी निदान ‘निकाल कधी’ एवढं तरी विचारलं होतं. या खेपेला तिने नागलीची भाकर थापता थापता नुसती मान हलवली. बाप जिवा ‘भर की’ म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

चैतीचं चित्रकलेचं पदवीचं शिक्षण नाशिकला झालं होतं. पुढचं, म्हणजे एम.एफ.ए.चं, शिक्षण लांबच्या शहरातल्या एका मोठ्या खाजगी कलासंस्थेत घ्यायचं तिच्या डोक्यात होतं. तशा आणखीही संस्था होत्या, पण त्यांची फी ऐकूनच माणसाने आल्या वाटेने परत फिरावं. या एकाच ठिकाणी दरवर्षी एका विद्यार्थ्याला फी, वसतिगृह, जेवण, सगळं माफ होतं. शिवाय तिथे प्रत्येकाला काम करायला स्वतःची एक उंच भिंत मिळते असं तिने ऐकलं होतं. दोन वर्षं आणि एक भिंत, एवढंच तिचं मागणं होतं. संस्थेचा नियम मात्र असा, की एका माणसाने तीनदाच अर्ज करावा. तिसऱ्यांदा नाही जमलं तर नाद सोडावा, हे त्यांनी फार सभ्य भाषेत छापलं होतं.

अर्ज म्हणजे कागद भरला आणि दिला, असा सरळ मामला नव्हता. आधी अर्जाची फी, आणि ती परत मिळत नाही हे दोन-तीन ठिकाणी ठळक अक्षरांत. मग वीस चित्रांचे फोटो, ठरल्या मापाचे, सावली न पडलेले. मग ‘मी चित्र का काढते’ यावर इंग्रजीत हजार शब्द. मग दोन गुरूंची शिफारसपत्रं. त्यातले एक गुरू फोन उचलत नसत आणि दुसरे ‘तूच लिही, मी सही करतो’ म्हणत. चैती मोखाड्याजवळच्या एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवायची, आणि त्या तासिकांचं मानधन दर वर्षी या कामात जिरायचं. डोकं दुखायचं ते वेगळंच. शिष्यवृत्ती गरिबांसाठी होती, पण ती मागायलाच ऐपत लागत होती.

फोटो काढणं हा तर एक सोहळाच. तिची चित्रं सहा-सहा फुटांची, घरात पसरायला जागा नाही, म्हणून अंगणात धरायची. एक टोक हौशीच्या हातात, एक जिवाच्या, आणि वारा सुटला की दोघंही कागदासकट गिरकी घ्यायची. कोंबड्या मधून जायच्या. एका फोटोत कडेला हौशीचा अंगठा आला, तर तो ‘नियमबाह्य’ म्हणून परत आला होता. तेव्हापासून हौशी कागद असा धरायची, की बोटं दुखून यायची.

चित्रं होती जीपमधल्या गुडघ्यांची. मोखाडा-जव्हार जीपमध्ये मागे समोरासमोर दोन बाकं असतात आणि त्यांवर मावतील त्याच्या दुप्पट माणसं बसतात. मान वळवायला जागा नसते, तेव्हा बघायचं ते समोरच्याच्या गुडघ्यांकडे. चैती ते रोज बघायची. लुगड्यातले, विटक्या पँटमधले, लेकरू बसवलेले, कोंबडी दाबून धरलेले, वीटभट्टीवरून परतलेल्या गड्याचे, दवाखान्यात निघालेल्या बाईचे. घरी येऊन ती ते कोळशाने काढायची. एकाही चित्रात चेहरा नव्हता, तरी पाड्यावरची माणसं चित्र बघून हा कोण, ही कोण, ते बिनचूक सांगायची आणि हसून लोटपोट व्हायची.

संस्थेला काही ओळखू आलं नाही. पहिल्या वर्षीच्या नकारात लिहिलं होतं, ‘कौशल्य आहे, परंतु मुळांशी नातं दिसत नाही.’ दुसऱ्या वर्षी, ‘उमेदवाराची पार्श्वभूमी कामात उतरलेली नाही.’ चैतीला हे वाचून हसावं की रडावं कळेना. ज्या माणसांच्या मांडीला मांडी लावून ती वाढली, त्यांचेच गुडघे होते ते. त्याहून जास्त पार्श्वभूमी माणूस आणणार कुठून?

तिसऱ्या वर्षी मात्र यादीत तिचं नाव लागलं, आणि ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. पाड्यावर नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून ती जव्हारला मामेभावाच्या, पंकजच्या, दुकानात जाऊन बसली. पंकजचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान. त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि सातबारा काढायला आलेल्या लोकांना बाहेर थोपवून धरलं. पडद्यावर पाच तोंडं आली. मधल्या बाई विभागप्रमुख होत्या, मोठ्या काळ्या चष्म्याच्या, बोलायला अतिशय गोड. त्यांनी गुडघ्यांची दोन चित्रं पुढे-मागे केली आणि विचारलं, की मोखाडा म्हणजे वारली चित्रांचा भाग ना?

चैती म्हणाली, की हो, आमच्या शेजारीपाजारी काढतात, पण आम्ही कोकणा जमातीचे, आमच्या घरात ते नाही.

‘मग तुमच्या घरात काय आहे?’ बाईंनी विचारलं.

काहीतरी असायलाच हवं, अशा सुरात विचारलं होतं. चैती गडबडली आणि तोंडात आलं ते बोलून गेली. ‘आमच्या घरात सोंग आहे.’

पाचांतले एक मराठी सर मोठ्याने हसले. सोंग म्हणजे ढोंग, खोटेपणा, एवढाच अर्थ त्यांच्या शहरात उरला होता. चैतीने मग समजावलं. बोहाड्यात, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या उत्सवात, जे देव-दैत्य नाचत येतात त्यांना सोंगं म्हणतात. एकेक सोंग एकेका घराचं असतं. गणपती कुणाचा, नरसिंह कुणाचा, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. तिच्या घरात त्राटिका आहे. आजा नाचवायचा, आता बाप नाचवतो.

पडद्यावरची पाचही तोंडं एकदम मोठी झाली, कारण पाचही जण पुढे सरकले होते. मुखवटा कशाचा, रंग कसले, बायकांना परवानगी आहे का, प्रश्नांची झोड उठली. अर्धा तास झाला. गुडघ्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, की अंतिम फेरीला प्रत्यक्ष ये आणि ते घेऊन ये. लॅपटॉप बंद करून पंकजने तिला चहा पाजला आणि ‘झालंच समज’ म्हणाला. चैतीलाही तसंच वाटलं, आणि तसं वाटतंय याचा रागही आला.

घरी तिने बापाला विचारलं. जिवाने हातातलं काम थांबवलं नाही. तो टोपली विणत होता आणि त्याला उत्तर शोधायची गरजच नव्हती. सोंग बोहाड्याशिवाय घराबाहेर जात नाही. ते माळ्यावर कपड्यात गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि उत्सवाआधी उपास धरून, आंघोळ करून मगच खाली उतरवायचं असतं. चैतीला हे पाठ होतं. तरी ती तशीच उभी राहिली. म्हणाली, की ही शेवटची खेप आहे, यानंतर अर्जही करता येणार नाही. जिवाने टोपली बाजूला ठेवली.

‘दुसरं कर,’ तो म्हणाला. ‘तसंच कर. पन तोंडाला लावू नको. लावलं का ती बाई येती. आन जठं आधी येती, तठलीच होती.’

एवढी एकच अट. मग त्यानेच नदीवरून चिकणमाती आणून दिली. चैतीने साचा केला, रद्दी भिजवली, मेथीच्या दाण्यांची खळ घालून लगदा मळला, थरावर थर चढवले. जिवा येता-जाता बघायचा. जबडा त्याला फार अरुंद वाटला, तो त्याने ओला असतानाच अंगठ्याने रुंद केला. दात मात्र चैतीने तिच्या मनाने केले, वाकडे, एकमेकांवर चढलेले. जिवाने ते निरखले आणि तसेच राहू दिले. तो आठवडा बापलेकीचा फार चांगला गेला. हौशीसुद्धा रंग कोणता द्यायचा यावर बोलायला लागली होती.

अंतिम फेरीला ती दोन गाड्या बदलून गेली. मुखवटा कांद्याच्या पोत्यात भाताच्या पेंढ्यावर ठेवलेला, आणि गुडघ्यांची तीन मोठी चित्रं गुंडाळून पाण्याच्या पाइपमध्ये घातलेली. कंडक्टरने पाइपचं तिकीट फाडलं. संस्थेत पोचल्यावर तिने आधी तो पाइप उघडला आणि चित्रं भिंतीवर लावली. भिंत खरंच उंच होती, आणि सहा फुटांचे गुडघे तिच्यावर असे काही दिसले, की ती बघत बघत मागे सरकत गेली. इतक्या लांबून तिने ती कधी पाहिलीच नव्हती. अंगणात तेवढं मागे सरायला जागाच नव्हती.

पाचही जण आले आणि भिंतीसमोरून सरळ टेबलाकडे गेले. टेबलावर त्राटिका होती.

त्यांनी ती उचलली, उलटी करून आतून पाहिली, वास घेतला. कौतुकाला सीमा नव्हती. मग चष्म्याच्या बाई म्हणाल्या, ‘तू हे घालून दाखवशील?’

चैतीने सांगितलं, की आमच्यात बाया सोंग घेत नाहीत, आणि बोहाड्याच्या त्या एका रात्रीशिवाय तर कुणीच घेत नाही. तिला वाटलं, हे सांगितल्यावर विषय मिटेल. पण बाईंचा चेहरा उजळला.

‘म्हणजे बाईने ते घालणं हाच विद्रोह झाला,’ त्या म्हणाल्या. ‘हेच तर तुझं काम आहे. तुझ्या लक्षात येतंय का?’

चैतीच्या लक्षात येत होतं ते एवढंच, की या खोलीत तिचं काम काय हे तिच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. बाई समजूतदारपणे म्हणाल्या, की सक्ती अजिबात नाही. फक्त, नुसती वस्तू म्हणून टेबलावर ठेवलेल्या मुखवट्याचं मूल्यमापन कसं करायचं, हा समितीपुढे प्रश्न आहे. मराठी सरांनी घड्याळात पाहिलं. बाहेर बाकावर आणखी सहा मुलं बसली होती, आणि त्यांतल्या कुणाला बापाने काही अट घातली असेल असं दिसत नव्हतं.

तिसरी खेप आहे, हे तिने मनात म्हटलं. हे आपणच केलंय, घरातलं खरं नव्हे, असंही म्हटलं. आणि तिने त्राटिका तोंडाला लावली.

आत मेथीचा आणि खळीचा कडू वास होता. डोळ्यांच्या भोकांतून टाइल्सची फरशी तेवढी दिसत होती. संबळ नव्हता, सनई नव्हती. कुणीतरी टेबलावर बोटांनी ठेका धरला, तो चुकीचा होता. तरी पाय उचलले गेले. बापाची प्रत्येक गिरकी तिला लहानपणापासून ठाऊक होती, कुठे दबकायचं, कुठे उसळी घ्यायची, कुठे मान झटकायची. पाचव्या-सहाव्या गिरकीला ती खोली विसरली, समिती विसरली, अर्ज विसरला. तिला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, आनंद झाला, आणि पुढे कितीतरी दिवस तिला तोच सगळ्यात जास्त डाचत राहिला. सक्तीने नाचले असं ती स्वतःला सांगू शकत नव्हती.

टाळ्या झाल्या. एका साहाय्यकाने सगळं मोबाइलवर टिपलं होतं. निघताना ऑफिसातल्या मुलीने तिला पावती दिली, की अंतिम निकालापर्यंत कलाकृती संस्थेकडे राहील. गुडघ्यांची चित्रं मात्र घेऊन जा म्हणाली, त्यांची गरज नव्हती.

व्हिडिओ संस्थेच्या पानावर पडला. खाली ओळ होती, ‘आदिवासी युवती आपली परंपरा पुन्हा मिळवते.’ ज्यांच्याकडे ती परंपरा होती, त्यांच्या मोबाइलवर हा व्हिडिओ मोखाड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी पोचला. संदीप जीपवाल्याने तो बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आपल्या गावची पोर मोबाइलवर आली याचं त्याला अप्रूपच होतं. पण संध्याकाळपर्यंत ते लाडक्या आजापर्यंत गेलं.

लाडक्या आजा म्हणजे बोहाड्याचा कारभारी. कुठल्या घराचं सोंग कधी निघणार, हे पुकारायचा मान त्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चार माणसं घेऊन जिवाच्या पडवीत येऊन बसला. आवाज कुणी चढवला नाही. चढवला असता तर चैतीला सोपं गेलं असतं. म्हाताऱ्याने जिवाला एवढंच विचारलं, की हे तू सांगितलंस का?

‘करायला मीच सांगतलं,’ जिवा म्हणाला. ‘लावायला नाय.’

सगळ्यांनी मग चैतीकडे पाहिलं. तिने खाली बघून सांगितलं, की त्यांनी लावायला लावलं, आणि मी लावलं. त्या ‘त्यांनी’ला पडवीत काही किंमत नव्हती. माणसं आपसात बोलली, आणि म्हाताऱ्याने निवाडा सांगितला. तो खरोखर कनवाळू होता. बोहाड्याला अजून आठ दिवस आहेत. ते दुसरं तोंड परत आणा, नदीच्या डोहात सोडा. पोरीने देवीपुढे चुकले म्हणावं. सोंग तुमच्या घरातच राहील, दंड नाही, काही नाही. पण ते तोंड तिकडेच राहिलं, तर बाई तिकडची झाली. मग तुमच्या घराने तिला नाचवण्यात अर्थ नाही. ती तुमच्याच भावकीतल्या काळ्याच्या घरी जाईल, आणि पुढेही तिथेच राहील.

ते गेल्यावर जिवा आणि चैती शाळेमागच्या चढावर गेले. तिथे रेंज मिळते. चैतीने संस्थेत फोन लावला. ऑफिसातली मुलगी ओळखून गोड बोलली. तिने विचारून सांगते म्हटलं, वाट बघायला लावली, आणि मग सांगितलं, की कलाकृती परत घेता येईल, पण निकालाआधी नेली तर अर्ज अपूर्ण धरला जाईल. तुमच्या कामाची सर खूप तारीफ करत होते, तेव्हा विचार करा. कुरिअरचा खर्च अर्थात उमेदवाराचा.

चैतीने बापाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, ‘मी उद्या जाते नि घेऊन येते. अर्ज गेला तर गेला.’

ती म्हणाली खरी. पण म्हणताना तिचं सगळं अंग कानात आलं होतं, बाप नको म्हणतो का ते ऐकायला. त्याने नको म्हणावं अशी ती त्या चढावर उभी राहून देवीला विनवत होती, त्याच देवीला जिच्यापुढे चुकले म्हणायचं होतं.

जिवाने खालच्या घरांकडे पाहिलं. ‘राहू दे,’ तो म्हणाला. ‘सोंग काय, काळ्याच्या घरातपन नाचंल. तुजं आता नाय झालं त मंग कदी व्हायचं?’

तिने एकदाही ‘नाही बाबा, मी आणतेच’ असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. पण ती म्हणाली नाही, आणि चढ उतरताना तिला मोकळं वाटत होतं. त्या मोकळं वाटण्याची तिला शिसारी आली, तरी ते गेलं नाही.

काळ्या दोन दिवसांनी सकाळी आला. भला माणूस, पार अवघडून गेलेला. दारातच चपला काढून तो बराच वेळ आत येईना. जिवाने आंघोळ करून माळ्यावरून सोंग उतरवलं. हौशीने त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि ती चुलीपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. लग्न होऊन आल्यापासून सोंगाच्या उपासाचा स्वयंपाक तिने केला होता, आणि निवाडा झाल्यापासून ती चैतीशी एक शब्द बोलली नव्हती. जिवाने काळ्याला दाखवलं, की दोरी कानामागून कशी घ्यायची म्हणजे कापत नाही. दुसऱ्या गिरकीनंतर श्वास कुठे घ्यायचा, तेही सांगितलं. काळ्या सारखं ‘हां दादा, हां दादा’ करत होता. तो गेल्यावर जिवाने पडवी झाडली. झाडायची तशी गरज नव्हती.

बोहाड्याला जिवा गेला, इतरांसारखा कडेला उभा राहिला. चैती घरीच थांबली. सकाळी त्याने सांगितलं, की काळ्या बरा नाचला, फक्त वळतो लवकर. पोरीचं शिक्षण लागलंय म्हणून सोंग दिलं, असं तो विचारणाऱ्याला सांगत होता, आणि लोकांना ते पटलंही होतं. शाळेत बाकीच्या शिक्षकांनी चैतीचं अभिनंदनसुद्धा केलं. तिने अजून निकाल लागायचाय म्हटलं, तर त्यांना तो विनय वाटला.

निकाल मे महिना सरता सरता आला. चैतीने मेल चढावरच उघडला. आधी आभार होते, मग स्पर्धा किती तीव्र होती ते होतं. मग होतं, ‘मुखवट्याचे सादरीकरण प्रभावी असले तरी ते परंपरेच्या पुनरावृत्तीपुरते मर्यादित राहते. उमेदवाराची स्वतःची दृश्यभाषा त्यात दिसत नाही.’ नियमानुसार हा आपला शेवटचा प्रयत्न असल्याने पुढील वाटचालीस शुभेच्छा. कलाकृती पंधरा दिवसांत स्वखर्चाने घेऊन जावी, त्यानंतर संस्था जबाबदार राहणार नाही.

तिने ते पुन्हा वाचलं. स्वतःची भाषा. तीन वर्षं ती अंगणात ताणून धरून आईची बोटं दुखली होती, आणि या माणसांनी त्या भिंतीवरून नजरसुद्धा फिरवली नव्हती. मागच्या दोन खेपांना म्हणाले, तुझं घर दिसत नाही. या खेपेला घर उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, तर म्हणतात, तू दिसत नाहीस. वाटाण्याच्या अक्षताच लावायच्या होत्या तर त्या पहिल्या वर्षीच्या गुडघ्यांना लावल्या तेवढ्या पुरे होत्या. तिला रडू आलं नाही. फोन दगडावर आपटावासा वाटला, पण अजून त्याचे हप्ते चालू होते.

जिवा खालच्या खाचरात बांधाचे ढासळलेले दगड परत रचत होता. पाऊस यायच्या आत ते करून ठेवावं लागतं. चैती तिथे गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, की बाबा, नाही झालं.

त्याने हातातला दगड खाली ठेवला. किती मार्क कमी पडले, असं त्याने विचारलं. त्याला वाटलं, थोडक्यात हुकलं असेल.

ती म्हणाली, की मार्क नसतात. त्यांनी मुखवटा बघितला, नाच बघितला, आणि त्यात माझं असं काही दिसलं नाही म्हणाले.

जिवाने हे ऐकून घेतलं. तो रागावेल, सोंगाचं काढेल, निदान कपाळाला हात लावेल, या सगळ्याची तिने चढावरून उतरताना तयारी केली होती. त्याने यातलं काही केलं नाही. तो हात झटकून बांधावर बसला आणि मनाशी काहीतरी जुळवत राहिला.

‘घ्यायचीच नव्हती,’ तो शेवटी म्हणाला, ‘त मंग त्याहींनी तुला नाचवली कशाला?’

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. एवढी शिकलेली माणसं आहेत, त्यांचं काहीतरी कारण असणार, आणि पोरगी त्यांच्यात जाऊन आली, तेव्हा तिला ते ठाऊक असणार, अशा भरवशाने तो तिच्याकडे बघत होता. तो घाई न करता, उत्तराची वाट बघत बांधावर बसून राहिला.